घर फिरायलंय

"कूस बदलली की घर फिरायलंय बघ. समदी भिंत इकडून तिकडं जायली. घडीभर राहतंय, मग थांबतंय."

आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा २०२२ ची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी हिंजवडीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, हातात ट्रे घेऊन रांगेत. म्हटलं, "चक्कर येतेय का? बीपी चेक करून घे. आणि पाणी जास्त पी." फोन ठेवला आणि पनीरची भाजी वाढून घेतली. माझ्या दृष्टीने टिकीट क्लोज.

तिच्या त्या तीन वाक्यांत जवळजवळ अख्खं निदान होतं, हे कळायला मला सात महिने लागले. आज त्याबद्दल लिहायचंय. आणि त्यानंतर मी स्वतः जी माती खाल्ली, त्याबद्दलही. (खरं तर तेच आधी लिहून मोकळं व्हावं असं वाटत होतं, पण क्रमाने जाऊ.)

*

आमचं गाव दिंद्रुड. तालुका माजलगाव, जिल्हा बीड. जुनं घर माळवदाचं आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर माती टाकून केलेलं सपाट छत. आमच्याकडे उन्हाळ्यात माळवद म्हणजे बायकांचं ऑफिसच. कुरडया, पापड, शेवया, मिरच्या, डाळी, सगळं वर. शिडीवरून दिवसातून दहा वेळा वर-खाली करणारी माझी आई त्या हिवाळ्यात शिडीकडे बघायलाही घाबरायला लागली.

त्या सात महिन्यांत काय काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्याही घरात कुणाचं ना कुणाचं असंच झालेलं असणार.

पहिल्या ठिकाणी बीपी थोडं जास्त निघालं. गोळी सुरू. दुसऱ्या ठिकाणी 'अशक्तपणा'. दोन सलाईन. (गावाकडे सलाईन लावली की माणूस निम्मा तिथेच बरा होतो, ही श्रद्धा आहे. आईही दोन दिवस बरी होती.) तिसऱ्या ठिकाणी मानेचा एक्स-रे. मणक्यात गॅप आहे, त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. मानेला पट्टा. चौथ्या ठिकाणी चक्करेच्या गोळ्या, दिवसातून तीनदा, किती दिवस ते कुणीच सांगितलं नाही.

यातलं काहीच तसं बघितलं तर वेडगळ नव्हतं. प्रत्येकाने समोर जे दिसलं ते दुरुस्त केलं. गंमत अशी की साठीच्या कुठल्याही माणसाच्या मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसणारच. केस पांढरे होतात तशी. ती झीज आणि चक्कर एकाच माणसात सापडली म्हणजे एकामुळे दुसरं झालं, असं होत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये एक जुनी वॉर्निंग दिसली आणि आपण तिलाच रूट कॉज म्हणून मोकळे झालो.

दरम्यान आई बदलत गेली. बसून, भिंतीला पाठ टेकून झोपायला लागली. कुणी मागून हाक मारली की मान न वळवता अख्खी वळायची. एसटीत बसणं बंद. माळवद बंद. शेताकडे जाणं बंद. आणि नवीनच एक तक्रार सुरू झाली. बाजेवरून उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. एकदा न्हाणीच्या दारात पडली. लागलं नाही, पण त्या रात्री फोनवर म्हणाली, "आता मला कोण बघंल रे?" तेव्हा मी सुट्टी टाकली.

*

एका मित्राने सांगितलं, थेट अंबाजोगाईला ने, मेडिकलला. मेडिकल म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. १९७० च्या दशकात खास ग्रामीण भागासाठी म्हणून सुरू झालेलं कॉलेज. आमच्या भागातले लोक पिढ्यानपिढ्या मोठ्या दुखण्याला तिथेच जातात. आम्ही परळीवरून गेलो. आई सगळा रस्ता पुढच्या सीटची दांडी धरून, डोळे मिटून बसली होती.

कान-नाक-घसा ओपीडी. समोर एक तरुण डॉक्टर मुलगी, बहुतेक रेसिडेंट असावी. मी फाईल पुढे केली. दोन बोटं जाड फाईल, एक्स-रे, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. (इंजिनियर आहे शेवटी.) तिने फाईल बाजूला ठेवली आणि आईलाच विचारलं, "आजी, चक्कर कशी असते ते नका सांगू. कधी येते आणि किती वेळ राहते ते सांगा."

आई म्हणाली, "झोपंत उजव्या कुशीवर वळलं की. नाहीतर वर कोनाड्यात बघितलं की. मनातल्या मनात वीस आकडे मोजूस्तोवर राहती, मग जाती."

"मान न हलवता नुसतं बसलं तर?"

"मग कायबी नाही."

"ऐकू कमी येतं? कानात आवाज?"

"नाही बाई."

संपलं. दोन मिनिटं लागली असतील. सात महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. आणि तो 'पहिल्यांदाच' मध्ये मीही येतो, हे तिथे बाकावर बसल्या बसल्या लक्षात आलं. पगार मला रिक्वायरमेंट नीट ऐकून घेण्याचा मिळतो.

मग तिने जे केलं ते कुठल्याही डेव्हलपरला आवडेल. तिने बग रिप्रोड्यूस केला.

आईला टेबलावर बसवलं. मान उजवीकडे ४५ अंश वळवली आणि तशीच धरून पटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर थोडं खाली. "डोळे उघडे ठेवा आजी, मिटू नका." दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग आईने माझा हात करकचून धरला आणि मी तिचे डोळे बघितले. बुबुळं झटके देत वर आणि उजव्या कानाकडे पीळ मारल्यासारखी फिरत होती. आपोआप. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. अर्ध्या मिनिटात जोर ओसरला आणि डोळे शांत झाले.

"बघा," डॉक्टर मला म्हणाली, "आजी खोटं बोलत नव्हत्या."

हे वाक्य मला लागलं. कारण शेवटच्या दोन महिन्यांत घरात 'मनाचं आहे', 'टेन्शन घेते' असं बोलणं सुरू झालं होतं. मीही त्याला हो म्हटलं होतं.

*

या दुखण्याचं नाव बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टायगो. लांबलचक आहे, म्हणून सगळे बीपीपीव्ही म्हणतात. घातक नसलेली, अचानक येणारी, डोक्याच्या स्थितीवर अवलंबून असलेली चक्कर. गरगर फिरवणाऱ्या चक्करेचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि साठीच्या पुढे, त्यातही बायकांमध्ये, जास्त.

तुमच्या फोनमध्ये दोन सेन्सर असतात. एक फोन कुठे कलला, कुठल्या दिशेने सरकला ते सांगतो, तो ॲक्सेलरोमीटर. दुसरा फोन किती फिरला ते सांगतो, तो जायरोस्कोप. आपल्या आतल्या कानात नेमकी हीच जोडी आहे. कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे चिकटलेल्या दोन पिशव्या, हा ॲक्सेलरोमीटर. आणि तीन दिशांना वळलेल्या, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, हा जायरोस्कोप. मेंदू या माहितीला डोळ्यांची माहिती आणि पाय-सांध्यांकडून येणारी माहिती जोडतो, आणि आपण तोल सांभाळून चालतो. तिन्ही इनपुट जुळत असले की आपल्याला 'तोल' नावाची गोष्ट आहे हेच कळत नाही. एक इनपुट खोटं बोलायला लागलं की घर फिरतं.

बीपीपीव्हीत काय होतं, तर पिशवीतले खडे सुटून नळीत जातात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खाली येते. डोकं हललं की खडे घरंगळतात, द्रव ढकलला जातो आणि नळी मेंदूला कळवते, 'आपण गोल फिरतोय!' डोळे म्हणतात, नाही. या भांडणात डोळे झटके देतात. खडे तळाशी बसले की सगळं शांत. म्हणून चक्कर येते हालचालीने, आणि राहते मिनिटाच्या आत. आईच्या तीन वाक्यांत बरोबर हेच होतं. कूस बदलली की, भिंत फिरते, घडीभर राहतं.

मग खडे बाहेर कसे काढायचे? गोळीने खडे हलत नाहीत. ते ज्या वाटेने आत गेले त्या वाटेने, डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून, बाहेर घरंगळवायचे. जुन्या काळी खेळण्याच्या डबीत छर्रे असायचे, डबी हलवून ते खाचेत पाडायचे, आठवतंय? अगदी तसंच. आईला त्याच टेबलावर आधी उजवीकडे, मग डोकं डावीकडे, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि तोंड जमिनीकडे, मग उठून बसवलं. प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा आडवं केलं. आई डोळे गच्च मिटायच्या तयारीत. काहीच झालं नाही. छत जागेवर.

आई उठून बसली, इकडे-तिकडे बघितलं आणि डॉक्टरला विचारलं, "इतकंच?"

एवढ्यावर संपलं नाही. त्या मुलीने आईचं बीपी आडवं असताना घेतलं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २६ ने खाली आला. वरचा २० किंवा खालचा १० उतरला की तो गडबडीचा इशारा मानतात. उठल्यावर येणारी अंधारी ही गरगरणं नव्हेच. तो वेगळाच प्रश्न होता, आणि तो बीपीच्या गोळीने, शिवाय 'चक्कर येते म्हणून' कमी केलेल्या जेवणा-पाण्याने तयार झाला होता. म्हणजे पहिला बग सुटलाच नव्हता आणि फिक्सने दुसरा घातला होता. रिग्रेशन, दुसरं काय! मेडिसिनच्या डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. चक्करेच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. त्या चार-पाच दिवसांच्या त्रासाला ठीक असतात, पण महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूला स्वतःहून जुळवून घ्यायला आडकाठी करतात, आणि वयस्कर माणसांमध्ये त्यातल्या काहींमुळे हात थरथरणं, चाल मंदावणं असंही होऊ शकतं. (हे वाचून स्वतःच्या मनाने घरातल्यांच्या गोळ्या बंद करू नका. विचारून करा.)

*

पुण्याला परतल्यावर मी दोन शनिवार-रविवार याच्यावरच वाचत बसलो. दोन माणसं फार आवडली.

एक रॉबर्ट बारानी, व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर. रुग्णाचे कान पिचकारीने धुताना पाणी गार असलं की रुग्णाला गरगरायचं. एकदा पाणी जास्त गरम झालं, तरी गरगरलंच, पण डोळ्यांचे झटके उलट्या दिशेने! इतरांनी 'पाणी कोमट ठेवा' म्हणून सोडून दिलं असतं. बारानींनी विचार केला की गार पाण्याने नळीतला द्रव एका दिशेने वाहत असणार आणि गरमने उलट. त्यातून आतल्या कानाची तपासणीच उभी राहिली, जी आजही करतात. त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते.

दुसरे जॉन एप्ली, अमेरिकेतल्या पोर्टलंडचे. आईवर जी क्रिया केली ती त्यांची. १९८० मध्ये त्यांनी ती परिषदेत दाखवली तेव्हा लोकांनी टिंगल केली. डोकं फिरवून चक्कर जाते? सविस्तर शोधनिबंध छापून यायला १९९२ उजाडलं. बारा वर्षं! आईचे सात महिने त्यापुढे काहीच नाहीत, असं मी तिला सांगितलं. तिला ते काही पटलं नाही. :)

आणि आईवर बग रिप्रोड्यूस करण्यासाठी केलेली पहिली टेस्ट, डिक्स-हॉलपाईक, ती तर १९५२ पासूनची. एक टेबल आणि दोन हात, एवढंच सामान. चार ठिकाणी फिरलो, एक्स-रे काढले, हजारो रुपये घातले, आणि जे करायचं होतं त्याला बाजही चालली असती.

*

आता तुम्ही म्हणाल, हे म्हाताऱ्या माणसांचं दुखणं, आम्हाला काय त्याचं. थांबा जरा.

पूर्वी डॉक्टर विचारायचे, चक्कर 'कशी' येते? गरगरतं, अंधारी येते, तोल जातो की नुसतं हलकं वाटतं? १९७२ पासून ही चार खान्यांची वाटणी पुस्तकांत होती. आपल्या मराठीत तर यासाठी छान वेगवेगळे शब्द आहेत. भोवळ, घेरी, अंधारी, झोक जाणं. पण अडचण अशी, की माणसं आपलं वर्णन दहा मिनिटांत बदलतात. म्हणून गेल्या काही वर्षांत भर दिला जातो तो 'किती वेळ' आणि 'कशाने' या दोन प्रश्नांवर. ते माणूस सहसा बदलत नाही.

मिनिटाच्या आत, आणि डोक्याच्या हालचालीने? बीपीपीव्ही बघा. उभं राहिल्यावर? आडवं आणि उभं, दोन्ही बीपी मोजा, हिमोग्लोबिन बघा, गोळ्यांची यादी बघा. तासन्‌तास, सोबत एका कानाला कमी ऐकू येणं, दडा बसणं, आवाज येणं? मेनिएरचा आजार असू शकतो. तो फ्रान्सच्या मेनिएरनी १८६१ मध्येच सांगितला होता. काही मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत, येऊन-जाऊन, प्रकाश आणि आवाज नकोसा होतो, पूर्वी डोकेदुखीचा इतिहास? मग अर्धशिशीची चक्कर. डोकं न दुखताही येऊ शकते. आणि ही आपल्या वयाची आहे. रात्रीचं डिप्लॉयमेंट, सकाळी चहावर दुपारपर्यंत, जागरण, ही सगळी तिची आवडती खाद्यं. माझ्या टीममधली एक मुलगी दोन वर्षं 'गॅसेस' समजून औषधं घेत होती.

आणखी एक प्रकार आहे. मूळ चक्कर बरी होते, पण भीती राहते. महिनोन्महिने डुगडुगल्यासारखं वाटत राहतं, मॉलमध्ये किंवा स्क्रीनवर स्क्रोल करताना वाढतं. त्यालाही नाव आहे, निकष आहेत (२०१७ मध्ये ठरले) आणि उपचार आहेत. 'मनाचं आहे' म्हणून हाकलून द्यायचं दुखणं नाही ते. आईचंही थोडं तसंच झालं होतं. खडे गेले तरी माळवदावर चढायला तिला दीड महिना लागला. रोज शिडीची एक-एक पायरी.

*

आता ती माती खाल्ल्याची गोष्ट.

आई बरी झाली आणि मी गावातला तज्ज्ञ झालो. कुणाला चक्कर आली की फोन मला. मी व्हिडिओ कॉलवर सांगायचो, कुठे वळायचं, किती वेळ थांबायचं. दोघा-तिघांना खरंच बरं वाटलं. डोक्यात हवा गेली, हे कबूल करतो.

२०२३ च्या पावसाळ्यात, एका पहाटे सहा वाजता चुलतभावाचा फोन. नानांना, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांना, चक्कर यायलीय, उलट्या व्हायल्यात. नाना फोनवर आले. म्हणाले, "उठताच येईना रे बापू. पडूनबी फिरायलंय. जमीन डाव्या अंगाला वढायली."

मी ऐकलं, 'चक्कर'.

पुन्हा तेच. पडूनही फिरतंय, म्हणजे हालचालीवर अवलंबून नाही. थांबत नाहीये. उभं राहता येत नाही. एका बाजूला ओढतंय. चारही गोष्टी त्यांनी सांगितल्या आणि मी एकही ऐकली नाही. कारण माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "नाना, घाबरू नका, आईला झालं होतं तेच आहे." आणि भावाला व्हिडिओवर सांगून ती क्रिया करवली. दोनदा. त्यांना अजून उलटी झाली. मी म्हटलं, होतं असं, झोपू द्या. मग माझा स्टँडअप होता.

संध्याकाळी भावाचा फोन आला, नाना शब्द खायलेत, बोललेलं कळंना. तेव्हा माझ्या पायांतलं बळ गेलं. रात्री मोठ्या दवाखान्यात एमआरआय झाला. लहान मेंदूला स्ट्रोक. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता सुरू झालं?" रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. भावाने सांगितलं, पहाटे सहा. घड्याळात रात्रीचे नऊ वाजले होते.

वेळेत पोचले असते तर काय झालं असतं, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. इंजेक्शन देता आलं असतं की नाही, तेही नाही. मला स्वतःला एवढंच माहीत आहे की त्या पंधरा तासांतले पहिले बारा माझ्या नावावर आहेत.

त्यानंतर वाचलं (आधी वाचायला हवं होतं). सुरू झाली ती थांबतच नाही, अशी चक्कर दोन मुख्य कारणांनी येते. कानाच्या नसेला सूज, जी बरी होते. किंवा मेंदूच्या मागच्या भागात स्ट्रोक. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. सीटी स्कॅन मागच्या भागातले असे स्ट्रोक सुरुवातीला बऱ्याचदा दाखवत नाही. २००९ मध्ये एक अभ्यास आला. अशा १०१ रुग्णांवर डोळ्यांच्या तीन साध्या तपासण्या केल्या, त्यांना हिंट्स म्हणतात. डोकं झटकन वळवल्यावर नजर टिकते का, डोळ्यांचे झटके दिशा बदलतात का, आणि एक डोळा झाकून उघडला की तो वर-खाली सरकतो का. सराव असलेल्या डॉक्टरच्या हातात या तपासण्यांनी पहिल्या एमआरआयपेक्षाही जास्त स्ट्रोक पकडले. एमआरआय सुरुवातीला स्ट्रोक झालेल्या १२ टक्के रुग्णांत 'नॉर्मल' आला होता. यात एक उलटं कोडं आहे. गरगरत असताना पहिली तपासणी बिघडलेली आली तर दोष बहुधा कानात, आणि नॉर्मल आली तर काळजी मेंदूची. व्हिडिओ कॉलवरच्या इंजिनियरचं हे काम नाही, हे तेवढ्यावरूनच कळायला हवं.

म्हणून हे एवढं लक्षात ठेवा. चक्कर अचानक सुरू झाली, थांबत नाही, आणि आधाराशिवाय उभं राहता किंवा चालता येत नाही. किंवा तिच्यासोबत बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत, घास गिळता येत नाही, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू बधिर किंवा कमजोर, अचानक एका कानाने ऐकू येईना, कधी नव्हे असं डोकं किंवा मान दुखतेय. यातलं एकही असेल तर १०८ ला फोन. घड्याळात वेळ बघून कागदावर लिहा. ना लिंबूपाणी, ना मान वळवणं, ना पुण्याच्या पुतण्याला फोन.

आणि तसं काही नसेल, येऊन-जाऊन होत असेल, तर डॉक्टरकडे जाताना फाईलपेक्षा एक कागद न्या. कधी येते, किती वेळ राहते, काय केल्यावर येते, कान, डोकेदुखी, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. चक्कर चालू असताना कुणीतरी फोनवर डोळ्यांचा व्हिडिओ काढला तर उत्तमच. दवाखान्यात पोचेपर्यंत बग गायब होतो, हा नियम इथेही लागू आहे.

*

नाना आता काठी घेऊन चालतात. डावीकडे किंचित झुकतात. बोलणं बरंच सुधारलंय. गेल्या खेपेला ओसरीवर त्यांच्याजवळ बसलो होतो, तर म्हणाले, "बापू, तुझी ती कोलांटी परत करायची का?" आणि हसले. काकूही हसल्या. मला काही हसता आलं नाही. मी चहाचा कप आत ठेवायला गेलो.

आईला मधे एकदा पुन्हा झालं. ते परत होऊ शकतं. तिचं ड जीवनसत्त्वही फार कमी निघालं, त्याचा डोस दिलाय. कोरियातल्या २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचं ड कमी होतं त्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर चक्कर परत येण्याचं प्रमाण कमी झालं होतं. या वेळी ती कुणाला न विचारता स्वतःच एसटीने अंबाजोगाईला जाऊन आली. डॉक्टरला म्हणाली म्हणे, "उजवा कान हाय, मागची नळी. बघा."

परवा शनिवारी फोन केला तर ती माळवदावर होती, मिरच्या पसरत. म्हटलं, "काय म्हणतेस?" मग गप्प बसलो. एरवी मी मध्येच 'बरं, बरं' करतो. ती गुडघ्यांबद्दल बोलली, शेजारच्या लग्नाबद्दल बोलली, सोयाबीनच्या भावाबद्दल बोलली. बावीस मिनिटं. त्यात मधेच एक वाक्य आलं, की रात्री उठलं की डावा पाय थोडा वेळ मुंगळे लागल्यासारखा होतो. हे तिने याआधी कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी पनीर वाढून घेत होतो, कोण जाणे.

साखर तपासायला सांगितलंय. या वेळी तारीख लिहून ठेवलीय.